'काढ ते शिरस्त्राण' बाद करणाऱ्या एकांकिका निवड समितीस खुले पत्र

माननीय सदस्य,
निवड समिती, एकांकिका स्पर्धा

सप्रेम नमस्कार.

आमच्या नाट्यमंडळाने यंदाच्या स्पर्धेसाठी पाठवलेली 'काढ ते शिरस्त्राण' ही एकांकिका आपण संहितावाचनाच्या फेरीतच बाद केली. निर्णय कळवणाऱ्या संदेशात "विषय व स्वरूप स्पर्धेस अनुरूप नाही" एवढे एकच वाक्य होते. आमचे दोन कलाकार कारण विचारायला आले, तेव्हा त्यांना चार कारणे तोंडी सांगण्यात आली आणि निघताना वर एक सल्लाही देण्यात आला. त्या संहितेची मी लेखिका. कोणती एकांकिका घ्यावी आणि कोणती घेऊ नये हा आपला अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र जी कारणे दिली गेली ती तशीच मान्य झाली, तर गोव्यातल्या हौशी रंगभूमीवर यापुढे कोणालाच विडंबन लिहिता येणार नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. स्पर्धेचे नाव मुद्दाम घेतलेले नाही, कारण अशीच उत्तरे आणखीही काही मंडळांना इतरत्र मिळालेली आहेत.

ज्यांनी संहिता वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका काल्पनिक व्हिडिओ गेमवर मालिका काढायला निघालेल्या निर्मात्याची ही गोष्ट आहे. गेमचा नायक 'हवालदार एकशे अकरा' हा अंतराळातला चिलखतधारी शिपाई असून गेमच्या कोणत्याही भागात त्याने एकदाही शिरस्त्राण काढलेले नाही. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून, एक मुलगी हातात कंट्रोलर घेऊन स्टुलावर बसलेली असते. पहिल्या प्रवेशात ती बटण दाबते तसा हवालदार चालतो, वळतो, उडी मारतो. दुसऱ्या प्रवेशात निर्माता येतो, कंट्रोलरची वायर उपटून खिशात घालतो आणि तिला म्हणतो, "आता तू फक्त बघ." तिथून शेवटपर्यंत ती बटणे दाबत राहते आणि हवालदार भलतेच काहीतरी करत राहतो. पहिल्याच भागात त्याला शिरस्त्राण काढायला लावतात, कारण नटाला चेहऱ्याचे पैसे मोजलेले आहेत. हे सारे चंद्रावर घडत असते. सल्लागार म्हणून बोलावलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तिथे हवा नसल्याचे बिचकत सांगतात, तेव्हा निर्माता पार्श्वसंगीत वाढवण्याचा हुकूम सोडतो. परग्रहावरची राणी पुढे हवालदाराची मावशी निघते. लढाया खर्चात बसत नाहीत म्हणून प्रत्येक लढाई विंगेत होते आणि धापा टाकत आलेला दूत तिचे वर्णन करतो. ही युक्ती आपल्या पौराणिक नाटकांनी पिढ्यान् पिढ्या वापरलेली असल्यामुळे तालमीत सगळ्यांत मोठा हशा याच जागेला येतो. शिवाय प्रत्येक पात्र समोरच्याला आधीच ठाऊक असलेली माहिती त्याला ऐकवत असते: "तुला माहीतच आहे दादा, की आपण दोघे सख्खे भाऊ असून आपली पृथ्वी गेली तीस वर्षे युद्धात होरपळते आहे."

यातले जवळजवळ काहीच मी मनाने रचलेले नाही. 'हेलो' हा विज्ञानकथेवरचा गेम २००१ च्या नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स या गेम खेळण्याच्या यंत्रावर आला आणि दोन वर्षांनी संगणकावर. फोंड्याच्या आमच्या घरात, भावाच्या संगणकावर, तो क्लासला गेला की मी तो खेळत असे. त्या गेममध्ये पडद्यावर जे दिसते ते मास्टर चीफ नावाच्या सैनिकाच्या शिरस्त्राणातून दिसते. त्याचा चेहरा खेळणाऱ्याला दाखवत नाहीत, आणि तशी गरजही पडत नाही, कारण शिरस्त्राणाच्या आत खेळणाराच असतो. केसांना तेल चोपडलेली, गणिताच्या पेपरला घाबरणारी मी त्या चिलखतात सहज मावत होते. त्या गेमची सारी जादू या एका युक्तीत आहे, असे माझे मत आहे. बंदुका आणि राक्षस काय, सगळ्याच गेमांत असतात.

या गेमवर मालिका येणार अशी घोषणा २०१३ साली झाली, तीही स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या नावासह. प्रत्यक्षात ती पॅरामाउंट प्लस या ऑनलाइन वाहिनीवर यायला २०२२ चा मार्च उजाडला. एवढ्या वर्षांच्या तयारीनंतर पहिल्याच भागात नायकाने शिरस्त्राण काढले, आणि पुढे कितीतरी प्रसंगांत ते त्याच्या डोक्यावर नव्हतेच. गेमच्या कथेशी बांधिलकी नको म्हणून निर्मात्यांनी आपली स्वतंत्र कालरेषा जाहीर केली. अवकाशातल्या ज्या अवाढव्य, बांगडीसारख्या गोल कड्यावरून गेमला नाव मिळाले आणि ज्यावर पहिल्या गेमची जवळजवळ सगळी कथा घडते, त्या कड्यावर नायकाचे पाऊल पडायला मालिकेच्या दुसऱ्या हंगामाचा अखेरचा भाग यावा लागला. त्यानंतर २०२४ च्या जुलैमध्ये मालिका बंद झाली. म्हणजे गाडी मुक्कामी पोहोचली आणि तिथेच मोडीत निघाली. पाब्लो श्रायबर या नटाचा यात काडीचाही दोष नाही. त्याने जीव ओतून काम केले आहे. कॉर्टाना या पात्राचा आवाज मात्र गेममधल्याच जेन टेलर यांचा ठेवला होता, आणि डोळे मिटून ऐकले की अधूनमधून आपण पुन्हा गेममध्ये आहोत असे वाटायचे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

'रेसिडेंट ईव्हिल' या १९९६ पासून चालत आलेल्या गेमची नेटफ्लिक्सवरची मालिका २०२२ च्या जुलैमध्ये आली, आठ भाग चालली आणि पुढच्याच महिन्यात तिचा दुसरा हंगाम होणार नाही हे ठरून गेले. विषाणू, कंपनीचे कारस्थान आणि अंधारे वाडे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गेमवरची ही मालिका निम्मा वेळ दोन मुलींच्या शाळेतल्या भांडणांत रमली होती. त्याबद्दल अधिक लिहावे असे तिच्यात काही नाही.

मी मुळाबरहुकूम सगळे हवे म्हणणाऱ्यांपैकी नाही, आणि आमची एकांकिकाही तसे म्हणत नाही. 'द लास्ट ऑफ अस' या २०१३ च्या गेमवर एचबीओने २०२३ मध्ये जी मालिका केली, तिच्या तिसऱ्या भागात गेममधली दोन दुय्यम पात्रे घेऊन त्यांची गोष्ट जवळजवळ नव्याने लिहिली होती, आणि तोच भाग सर्वाधिक वाखाणला गेला. मूळ गेम लिहिणारे नील ड्रकमन त्या मालिकेच्या दोन कर्त्यांपैकी एक होते, हे येथे महत्त्वाचे आहे. 'फॉलआउट'ची मालिका २०२४ च्या एप्रिलमध्ये प्राइमवर आली, तेव्हा तिने गेममधली एकही कथा उचलली नाही. त्याच जगात, २२९६ सालात, नवी माणसे आणून सोडली आणि अणुयुद्धानंतरही १९५० च्या दशकातल्या जाहिरातींसारखे हसणारे ते जग जसेच्या तसे राखले. तेव्हा बदल करणे हा गुन्हा नव्हे. खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर काढून घेताना त्याच्या बदल्यात त्याला काय दिले, हा खरा प्रश्न आहे. वाईट मालिका बदल्यात काहीच देत नाहीत, आणि त्यांना नेमके हेच विचारावे म्हणून आम्ही ती मुलगी स्टुलावर बसवली आहे.

आता आपली कारणे.

पहिले कारण असे सांगितले गेले की विषय परका आहे, गावातल्या प्रेक्षकाला तो कळणार नाही. आपण कोणत्या प्रेक्षकाबद्दल बोलत आहात? जत्रेच्या रात्री थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघणाऱ्या? त्या प्रेक्षकाला एकाच कर्णाच्या चार नाटकांतल्या चार वेगळ्या कथा ठाऊक असतात आणि कोणत्या नाटककाराने कर्णाचे वाटोळे केले हेही तो उतरताना पायरीवर सांगतो. मूळ एक, रूपांतरे अनेक, आणि त्यांतली काही बेकार, ही गोष्ट त्याला आपण शिकवायची गरज नाही. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेट मराठीत आणला, तेव्हा डेन्मार्कचा राजपुत्रही कोणाच्या गावचा नव्हता. आणि चेहरा झाकलेल्या पात्राचे म्हणाल, तर पेडण्याच्या बाजूला दशावतारी काल्यात संकासूर काळा बुरखा घालून येतो आणि अख्ख्या मांडवाला हसवून सोडतो. त्याचा बुरखा काढून आतला नट दाखवा, अशी मागणी आजवर कोणी केलेली ऐकिवात नाही. परदेशात म्हणाल तर २०१९ पासून 'द मँडलोरियन' ही मालिका जवळजवळ पूर्णवेळ शिरस्त्राणात असलेल्या नायकाने चालवून दाखवली आहे. चेहरा दिसल्याशिवाय प्रेक्षक गुंतत नाही ही समजूत निर्मात्यांची आहे. आमच्या काल्याने ती कधीच मानली नव्हती.

याच बाबतीत तालमीतली एक गोष्ट नोंदवते. आमचे शिरस्त्राण चवथीला मखरे करणाऱ्या एका मुलाने पुठ्ठा आणि बांबूच्या काड्यांनी बांधले आहे, आणि पुढच्या काचेच्या जागी सोनेरी जिलेटिनचा कागद लावला आहे. आतून नटाला जेमतेम दिसते, ऐकू तर काहीच येत नाही, आणि त्याचा स्वतःचा आवाज पुठ्ठ्यात घुमतो. म्हणून त्याचे संवाद विंगेतून दुसरा नट म्हणतो. सुरुवातीला हवालदार निव्वळ खांबासारखा उभा राहायचा. मग दिग्दर्शकाने त्याला सांगितले की वाक्य ऐकायचे असेल तेव्हा मान आधी वळव आणि खांदे नंतर, आणि नकार द्यायचा असेल तेव्हा मान मुळीच हलवू नकोस, फक्त श्वास घे. त्या दिवसापासून तो पुठ्ठा बोलायला लागला. एका प्रवेशात हवालदाराला मित्र मेल्याचे कळते. तो काही करत नाही, फक्त हातमोज्याची बोटे एकेक करून घट्ट ओढतो. बघायला आलेली माणसे तिथे गप्प होतात. लगेच पुढच्या प्रवेशात निर्माता त्याचे शिरस्त्राण काढून त्याला ग्लिसरीन लावून रडायला लावतो आणि तीच माणसे खो खो हसतात. हे दोन प्रवेश एकापाठोपाठ ठेवण्यात आमचे सगळे म्हणणे आलेले आहे. समितीने ते कागदावर वाचले असेल अशी आशा आहे.

दुसरे कारण म्हणजे विडंबन ही स्वतंत्र संहिता होत नाही. आपल्या नियमावलीत 'स्वतंत्र' आणि 'रूपांतरित' असे दोनच गट आहेत आणि आमची संहिता आपण 'रूपांतरित' गटात टाकलीत. कशाचे रूपांतर? हवालदार एकशे अकराचा गेम अस्तित्वातच नाही. आम्ही एका विशिष्ट मालिकेचे प्रसंग घेतलेले नाहीत. वाईट रूपांतरांच्या सवयी घेतल्या आहेत आणि त्या एका काल्पनिक निर्मात्याच्या माथी मारल्या आहेत. अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' १९२५ साली प्रसिद्ध केली, त्याला आता शंभर वर्षे उलटली. रविकिरण मंडळाच्या काळातल्या कवितेच्या लकबी त्या पुस्तकाने अशा पकडल्या की कितीतरी मूळ कविता आज विडंबनामुळे आठवतात. त्या पुस्तकाला कोणी अनुवादाच्या कपाटात ठेवत नाही.

दुसऱ्यातून तिसरे कारण निघाले. संहिता रूपांतरित म्हणून मूळ हक्कधारकाचे ना-हरकत पत्र आणा, असे सांगण्यात आले. जो गेम नाहीच, त्याच्या हक्कधारकाचा पत्ता समितीनेच कळवावा, आम्ही रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवू. पण थट्टा बाजूला ठेवते, कारण हा मुद्दा गंभीर आहे आणि नवोदित लेखक त्याला घाबरतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ टीका आणि परीक्षणासाठी केलेल्या न्याय्य वापराला मोकळीक देते. केरळ उच्च न्यायालयापुढे १९९६ साली असेच प्रकरण आले होते: एका गाजलेल्या मल्याळम राजकीय नाटकाला उत्तर म्हणून दुसऱ्याने प्रतिनाटक लिहिले आणि त्यात मूळ नाटकातली पात्रे व संवादसुद्धा घेतले. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: घेतलेला भाग टीकेच्या मानाने किती आहे, तो कशासाठी घेतला आहे, आणि नवे नाटक मूळ नाटकाशी बाजारात स्पर्धा करते का. या कसोटीवर प्रतिनाटक टीका ठरले आणि त्याच्यावरची मनाई उठली. तिथे तर मूळचे संवाद घेतलेले होते. आम्ही एक ओळही घेतलेली नाही. कल्पना, विषय आणि कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितलेले आहे, आणि त्या दाव्यात चित्रपटाच्या निर्मात्यापुढे हरलेला फिर्यादी नाटककारच होता. निदान नाटकवाल्यांनी तरी हा निकाल लक्षात ठेवायला हरकत नाही.

चौथे कारण "हशा आहे, आशय नाही" असे होते. त्यावर वर पुरेसे लिहिले आहे.

राहिला सल्ला. आमच्या कलाकारांना असे सुचवण्यात आले की शेवटी त्या मुलीने कंट्रोलर फेकून द्यावा, आईच्या पाया पडावे आणि गेमच्या व्यसनापासून दूर राहण्याचा संदेश द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी विचार करता येईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता, आवाजात आपुलकी होती, असे आमची मुले म्हणाली. माझा त्यावर राग नाही. मी फक्त थक्क झाले. एका निर्मात्याला गेमचा गाभा कळत नाही, तरी तो त्यात आपल्या ओळखीचा कौटुंबिक शेवट घुसवतो, अशी आमची एकांकिका. आणि ती वाचून समितीने तिच्यात आपल्या ओळखीचा कौटुंबिक शेवट सुचवला. तिसऱ्या प्रवेशातला निर्माता अगदी हेच बोलतो. त्याच्या तोंडी हा सल्ला जसाच्या तसा घालावा असे दिग्दर्शकाच्या मनात आले होते, मी ते होऊ दिले नाही. गेमच्या व्यसनावर एकांकिका जरूर व्हाव्यात, त्या लिहिणारे समर्थ लेखक आपल्याकडे आहेत. पण आमच्या मुलीला खेळायचे व्यसन जडलेले नाही. तिचे दुःख उलटे आहे: तिला खेळूच देत नाहीत.

गोव्यात २००४ पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. आपल्यापैकी कित्येक जण तिथे गळ्यात पास अडकवून रांगेत उभे असतात आणि बाहेर आल्यावर रूपांतर फसले की साधले यावर तावातावाने बोलतात. पणजीत चालणारी ही चर्चा फोंड्याच्या रंगमंचावर आली की परकी कशी होते, हे मला उमगलेले नाही. पडद्यावरच्या वाईट कामाबद्दल बोलण्याचा सर्वांत जुना आणि स्वस्त मार्ग नाटकवाल्यांकडे आहे. त्याला पुठ्ठा, जिलेटिनचा कागद आणि एक स्टूल लागते.

तेव्हा मागण्या. एकांकिका बाद करण्याचे कारण नियमावलीतल्या कलमाचा उल्लेख करून लेखी द्यावे; तसे कलम नसेल तर नाही म्हणून लेखी द्यावे. ना-हरकत पत्राची अट विडंबनासाठी मागे घ्यावी, आणि ती फक्त आमच्यापुरती नको, सर्वांसाठी मागे घ्यावी. पुढच्या वर्षीच्या नियमावलीत विडंबन 'स्वतंत्र' गटात येईल असे एक वाक्य घालावे. नवीन गट काढायची गरज नाही, त्यामुळे बक्षिसांचा खर्चही वाढणार नाही. यंदाची प्रवेशिका पुन्हा विचारात घ्यावी, आणि वेळापत्रक ठरून गेल्यामुळे ते शक्य नसेल तर बक्षीस समारंभाच्या दिवशी, निकाल लागेपर्यंत परीक्षक आत बसलेले असतात त्या रिकाम्या तासात, आम्हाला स्पर्धेबाहेरचा प्रयोग करू द्यावा. आम्हाला मानधन नको, दिवे आहेत तेवढे पुरतील. शेवटची विनंती, जी मागणी म्हणून करण्याचा मला अधिकार नाही: निवड समितीत यापुढे एखादी तरी अशी व्यक्ती घ्यावी जिने आयुष्यात एखादा गेम शेवटपर्यंत खेळलेला आहे. अशी माणसे आता चाळिशीत पोहोचली आहेत आणि त्यांतली बरीच नाटकांतच काम करतात.

उत्तर कसेही असले तरी जत्रेच्या दुसऱ्या रात्री देवळासमोरच्या मांडवात आमचा प्रयोग होणार आहे. देवस्थान समितीने संहिता मागितली नाही, फक्त नाटक किती वाजता संपेल ते विचारले. निवड समितीच्या सर्व सदस्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या राखून ठेवत आहोत. आपले लेखी उत्तर त्याआधी आले, तर प्रयोगापूर्वी ते मंचावरून वाचून दाखवू, एकही शब्द न बदलता.

आपली विश्वासू,
'काढ ते शिरस्त्राण'ची लेखिका
फोंडा, गोवा